तोंड बांधलेली दौत

मित्रांनो, दौत म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. जिच्यात शाई ठेवायची आणि टाक बुडवून लिहायचं, ती दौत. मी अशीच एक जुनी काचेची दौत आहे. अंगानं बुटकी, पोटानं मोठी, तोंडावर पत्र्याचं फिरकीचं झाकण. माझ्या पोटात निळीकाळी शाई होती. होती म्हणते, कारण आता थेंबभरही उरलेली नाही. ती कुठे गेली, आणि जाण्याआधी एकोणीस वर्षं कुठे अडकून पडली होती, तेवढंच मला सांगायचं आहे. मी जरा तोंडाळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. इतकी वर्षं तोंड बांधून ठेवल्यावर कुणीही तसंच होईल.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. लालभडक काचेच्या गोळ्यात एका कारागिरानं नळीतून फुंकर घातली आणि मी फुगले. पुढे गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला आगगाडीनं नांदुऱ्याला पाठवण्यात आलं. तिथे स्टेशन रोडवर रहेमतुल्लाचाचांनी नुकतंच वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान टाकलं होतं. दुकानाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विकत आणलं, पुसलं आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं.

काय दिवस होते ते! नांदुऱ्यात कापसाचा आणि धान्याचा व्यापार, म्हणून मोठमोठ्या चोपड्या शिवायला यायच्या. शाळांच्या हजेऱ्या यायच्या, वकिलांची जाडजूड पुस्तकं यायची. चाचा दाभणानं भोकं पाडत, मेणावलेल्या दोऱ्यानं फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत, मैद्याची खळ लावून पुठ्ठा चढवत आणि सगळं शिकंज्यात दाबून ठेवत. शिकंजा म्हणजे पुस्तक घट्ट आवळून धरणारं लाकडी यंत्र. सगळं झाल्यावर माझी पाळी यायची. चाचा माझं झाकण काढून टाक बुडवत आणि चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहीत. त्यांचं अक्षर पाहून माणसं म्हणायची, "हे छापलं काय हो?" चाचा नुसते हसायचे. घरात ते हिंदी बोलत, पण दुकानात बसले की त्यांची जीभ आपोआप वऱ्हाडी वळणावर जायची. "नाई बाप्पा, हातानंच लेहलं," असं ते म्हणत, तेव्हा माझी छाती फुगायची. फुगायला छाती नाही मला, पण समजून घ्या.

चाचांची एकच सवय मला खटकायची. नव्या पुस्तकाला आतून जो कागद चिकटवतात त्याला अस्तर म्हणतात. खळ ओली असेपर्यंत अस्तर सुरळी होऊन वर येतं, म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं. दुसरे बांधणारे कागदात गुंडाळलेली वीट ठेवतात. चाचांची वीट कायम शिकंज्याखाली लोटलेली असायची, आणि मी हाताशी असायचे. मग काय, मलाच उचलून ठेवायचे. शाईनं भरलेली दौत ओल्या कागदावर वजन म्हणून! पण कधी काही झालं नाही, आणि जे कधी झालं नाही ते होणारच नाही असं माणसाला वाटू लागतं.

एकदा पुंजाजी नावाचे भजनी दुकानात आले. नांदुऱ्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. काखेत फडक्यात बांधलेली एक जाड वही होती. गावच्या भजनी मंडळाची वही ती, एकशेबारा भजनं हातानं लिहिलेली. त्यातली कितीतरी पुंजाजींनी स्वतः रचलेली, आणि ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. वहीची शिवण उसवली होती. बाहेरचा अबरी कागद झिजून त्याची लक्तरं झाली होती. अबरी म्हणजे ढगांसारख्या, लाटांसारख्या नक्षीचा कागद. पूर्वी तो चांगल्या वह्यांवर चढवत.

पुंजाजी मनानं फार भोळे आणि तितकेच विसराळू. वही देऊन निघाले ते चपला दुकानातच विसरून. अर्ध्या रस्त्यातून अनवाणी परत आले आणि स्वतःच खो-खो हसले.

चाचांनी वही मनापासून शिवली. जवळ राहिलेला शेवटचा अबरी कागद तिला चढवला. चिठ्ठीवर झोकदार अक्षरांत मंडळाचं नाव लिहिलं. मग अस्तर चिकटवलं आणि ते वर येऊ लागलं तसं सवयीनं मला उचलून त्यावर ठेवलं. झाकण लावायचं राहिलं होतं. चाचा कातर घ्यायला वळले आणि त्यांचा कोपर मला लागला.

मी आडवी झाले. अस्तरावरून, पुठ्ठ्यावरून, खाली चढवलेल्या अबरी कागदावरून माझी शाई वाहत गेली. पहिल्या पानाची कडसुद्धा निळी झाली. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आपल्या रुमालानं त्यांनी डाग पुसायचा प्रयत्न केला, तो आणखीच पसरला. मग त्यांनी ती वही उचलली आणि कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत टाकली. मलाही उचललं. माझं झाकण करकचून आवळलं, त्यावर दोऱ्याचे फेरे घेतले, मेणबत्ती पेटवून वर मेण ओतलं आणि वहीशेजारी मला ठेवून पेटीला कुलूप घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे! मला तिथे ठेवलं कुणी? झाकण उघडं टाकलं कुणी? पण विचारणार कशी? माझ्या तोंडावर मेण होतं.

तिसऱ्या दिवशी पुंजाजींचा आवाज ऐकू आला.

"रहेमतभाऊ, झाली काय आमची वही?"

पत्र्याच्या आडून मी ऐकत होते. मला वाटलं, आता चाचा पेटी उघडतील, आता वही काढतील.

"वही?" चाचा म्हणाले. "तुमी तं परवाच नेली ना पुंजाजीभाऊ."

"म्या नेली?"

"हाव. फडक्यात बांधून देली तुमाले. याद करा."

"अरे बाप्पा," पुंजाजी म्हणाले, आणि हसले. "माह्या डोस्क्याले काय झालं समजत नाई. मंग मोटारीत राह्यली का काय?"

ते हसले म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी शंका घेतली असती, भांडण केलं असतं, तर चाचांनी कदाचित कबूल केलं असतं. पण पुंजाजींनी स्वतःवरच विश्वास ठेवला नाही. त्यानंतर ते तीनदा येऊन गेले. "इथं कुठी पडली नाई ना भाऊ?" असं विचारायचे आणि आपणच आपल्याला दोष देत निघून जायचे.

मित्रांनो, पेटीत काय असतं सांगू? अंधार असतो, गंजाचा वास असतो आणि करायला काहीच नसतं. आमच्या सोबत एक मोडकी कातर आणि बोथट झालेली दोन पाती होती. गाडी आली की पेटी थरथरायची, तेवढीच हालचाल. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि माझी शाई दाट व्हायची. दर वर्षी ती थोडी खाली जायची. मेण लावलं तरी काच आणि पत्र्यामधून ओल निसटतेच. मला स्पष्ट कळत होतं की मी कोरडी पडत चालले आहे, आणि एक अक्षरही न लिहिता एक दिवस माझ्या तळाशी नुसती पपडी उरणार आहे. खरं काय ते मला माहीत होतं, माझ्या अंगावर त्याचा पुरावा होता, आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला विचारा.

बाहेर चाचा तरी कुठे मोकळे होते? त्यांनी पुन्हा टाक हातात धरला नाही. नावाच्या चिठ्ठ्या छापखान्यातून करून आणू लागले. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचे. पुंजाजींच्या गावचं कुणी आलं की त्यांचा आवाज भलताच गोड व्हायचा आणि ते न मागता चहा मागवायचे. त्या गावचे तुळशीराम नावाचे गृहस्थ दरवर्षी शाळेच्या हजेऱ्या बांधायला आणत. त्यांच्याकडूनच मला कळत गेलं की गावात पुंजाजींना आता 'इसरभोळा' म्हणतात. मंडळाची वही हरवली म्हणून किसनरावांनी, म्हणजे मंडळाच्या मुख्य टाळकऱ्यांनी, त्यांच्या हातातली वीणा काढून घेतली. तुळशीराम हे हसत सांगायचे. चाचांचा दाभण मात्र त्या वेळी थांबायचा.

सुरुवातीला मला चाचांचा संताप यायचा. नंतर नंतर कीव येऊ लागली. माझ्या पेटीला कुलूप होतं, त्यांच्या पेटीला तर तेही नव्हतं आणि तरी ती त्यांना उघडत नव्हती.

अशी एकोणीस वर्षं गेली.

तोवर चाचांचे हात थरथरू लागले होते. सुईत दोरा ओवला जाईना, म्हणून दुकान त्यांची मुलगी यास्मीन चालवू लागली. तिचं बी.ए. झालेलं होतं. लहानपणापासून बापाशेजारी बसून ती काम शिकली होती, आणि तिची शिवण चाचांपेक्षा सरळ यायची. चाचा खुर्चीवर बसून राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत.

यंदाच्या पावसाळ्यात तुळशीराम आले आणि म्हणाले, "पुंजाजी गेले, त्याले आता वर्ष होते. पंधरा दिवसावर वर्षश्राद्ध हाय. मंडळ बलावलं त्याइच्या बायकोनं, रुखमाबाईनं, पण सांगू काय, पुंजाजीचं स्वतःचं एक बी भजन आमाले आता पुरं येत नाई. वहीच नाई ना."

पुंजाजी वारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चाचांनीही तेव्हाच ऐकलं असावं, कारण त्या दिवशी ते चहा मागवायला विसरले.

दोन दिवसांनी यास्मीनला जुनी पाती धार लावायला हवी होती. चाचा घरी जेवायला गेलेले. तिनं किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक किल्ली लावून पाहिली आणि पेटी उघडली. उजेड! एकोणीस वर्षांनी! पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं वही उचलली, चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि ती बसली ती चाचा येईपर्यंत उठली नाही.

"अब्बा, हे पुंजाजीची वही हाय ना?"

चाचा दारातच थांबले. मग आत येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

"मंग देली काऊन नाई?" यास्मीननं विचारलं.

"पयल्या दिवशी भेव वाटलं. लोक म्हणतील, रहेमतनं देवाची वही खराब केली. दुकान नवं व्हतं, बेटा. मंग खोटं बोललो. अन् एकडाव खोटं बोलल्यावर खरं सांगाची हिंमत झाली नाई. दर वर्षी वाटे, यंदा सांगू. आता तं तो माणूसच गेला."

"रुखमाबाई हाय ना. वर्षश्राद्धाले नेऊन द्या."

"ह्या डागासंग?" चाचांनी तोंड फिरवलं. "कसा जाऊ मी?"

पुन्हा पळवाट! मी पेटीतून हे ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता ही पोर वही परत ठेवणार आणि झाकण पडणार. पण यास्मीननं वही उलटसुलट करून पाहिली. शिवण पक्की होती. आतली भजनं सगळी शाबूत होती. डाग होता तो अस्तराला, बाहेरच्या कागदाला आणि पहिल्या पानाच्या कडेला. "अस्तर बदलते, वरचा कागद बदलते," ती म्हणाली. "मंग तं जासाल?"

चाचांनी मान डोलावली. अबरी कागद आता मिळत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच डोलावली असेल. खरोखरच यास्मीननं खामगावपर्यंत चौकशी केली. मिळाला तो छापील, चकचकीत, प्लॅस्टिकसारखा. तो तिनं परत केला.

त्याच दिवशी तिला मोबाइलवर पाहिलेलं काहीतरी आठवलं. साबणाच्या पाण्यात शाई घालायची, नळीनं फुंकून फेस वर आणायचा आणि त्यावर कागद अलगद टेकवायचा. फुगे कागदावर फुटतात आणि आपापली गोल गोल कड उठवून जातात. तिला आता शाई हवी होती. नांदुऱ्यातल्या दुकानांत जेल पेनाच्या रिफिली मिळाल्या, दौतीतली शाई मिळाली नाही. शिक्क्याची जांभळी शाई तिनं करून पाहिली, ती कागदावर नुसती पसरली. तेव्हा तिची नजर माझ्याकडे गेली.

तिनं पात्यानं मेण खरवडलं, दोरा कापला. झाकण हलेना. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून तिनं जोर लावला आणि कर्रर्र करून माझं तोंड उघडलं. किती बरं वाटलं हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. आत शाई होती, दाट झाली होती, पण जिवंत होती.

आणि मग, मित्रांनो, माझ्या वाट्याला दुसरंच दुःख आलं. मला वाटलं होतं सुटले. पण ती शाई काढून परातीत घालायची, साबण कालवायची, नळीनं फुंकायची, आणि फेस येतच नसे! साबणाच्या पांढऱ्या गुठळ्या व्हायच्या, माझी शाई फाटल्या दुधासारखी तळाशी बसायची. तिनं साबण वाढवला, गुठळ्या वाढल्या. कपड्याची पावडर टाकली तेव्हा फेस आला. तिनं कागद टेकवला, नक्षी उठली, ती आनंदानं उडालीच. पण कागद वाळल्यावर त्यावर पांढरा खार फुटला आणि नक्षी त्याखाली दिसेनाशी झाली. चार दिवस तिनं हेच केलं. सात कागद वाया, दहा कागद वाया. माझी शाई बोटभर उरली. एकोणीस वर्षं बंद राहून वाचवलेली शाई अशी मोरीत जाताना पाहून मला वाटू लागलं, यापेक्षा पेटी बरी होती. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं. चाचा खुर्चीतून नुसते बघायचे. मला तर संशय आहे की जमलं नाही तर बरं, असंच त्यांना वाटत होतं.

पाचव्या दिवशी यास्मीनची आई, नूरबी, डबा घेऊन दुकानात आल्या. त्यांनी परातीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पानी कोनतं घेतलं?"

"बोअरचं. दुसरं कोनतं घेऊ?"

"खाऱ्या पान्यात कधी फेस आला काय पोरी? बी.ए. केलं, पन एक दिवस धुनं धुतलं असतं तं समजलं असतं."

तुम्ही नांदुऱ्याकडचे नसाल तर तुम्हाला हे सांगावं लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. जमिनीतून येतं ते पाणी खारं. त्यात साबण फुटतो, डाळ शिजत नाही. म्हणून प्रत्येक घरी दोन पाणी असतात. वापरायचं खारं आणि प्यायचं गोडं. गोडं पाणी नळाला कितीतरी दिवसांनी येतं. ते पिण्याला आणि डाळीला, बाकी कशालाही त्याला हात लावायचा नाही, हे तिथल्या लेकरांना चालता येण्याआधी कळतं. यास्मीनला शाईचं सगळं सुचलं, साबणाचं सुचलं, पण परातीत गोडं पाणी ओतायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. नांदुऱ्याच्या कोणाच्याच मनात आलं नसतं.

नूरबींना वहीची गोष्ट यास्मीननं सांगितलेली होती. त्या नवऱ्याकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. या बाईंनी आजवर घरातल्या माठातलं पाणी वाटीनं मोजून दिलं होतं, पाहुण्यालाही अर्धाच पेला भरला होता. त्या घरी गेल्या आणि गोड्या पाण्याची भरलेली कळशी कमरेवर घेऊन आल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "चार दिवस आपन कमी पिऊ. पन हे काम आता झालंच पायजे. ह्या मानसाले एकोनीस वर्ष झोप नाई, अन् मले वाटे, बी.पी. हाय."

यास्मीननं परात घासून पुसली. गोडं पाणी, अंगाच्या साबणाचा किस आणि माझ्यातली उरलेली सगळी शाई. नळी तिनं चाचांच्या हातात दिली.

"माहे हात हालते, बेटा."

"हाताचं काम नाई अब्बा. फुंकाचं हाय. कागद मी धरते."

चाचा वाकले आणि त्यांनी फुंकर घातली. परातीत बुडबुडे उठले. एकावर एक, मोठ्याला खेटून लहान, लहानाच्या बगलेत आणखी लहान, असे ते काठाच्या वर आले. प्रत्येकाच्या कडेला माझी शाई चढली होती. मी रिकामी होऊन खिडकीत उभी होते आणि माझ्या शाईला हवेत उभी राहिलेली बघत होते. यास्मीननं कागद दोन्ही हातांनी धरून अलगद टेकवला. फुट् फुट् असा बारीक आवाज झाला. तिनं कागद उलटा केला.

काय सांगू तुम्हाला! कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं, कुठे उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारख्या रेघा, कुठे जाळी पडलेल्या पानाच्या शिरा. कुणी काढलेली नक्षी नव्हती ती, आपसूक उगवल्यासारखी होती. रंग मात्र अगदी माझा, निळाकाळा. असे सहा कागद झाले. चाचांना धाप लागली तरी ते नळी सोडायला तयार नव्हते. त्यातले दोन कागद यास्मीननं निवडले, एक बाहेरून आणि एक आतून. जुना डागाळलेला कागद तिनं वाफ देऊन सोडवला, नवा चढवला आणि वही शिकंज्यात घातली. अस्तरावर वजन म्हणून, बरं का, तिनं वीट ठेवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी चाचांनी धुतलेला सदरा घातला. वही फडक्यात बांधली. मग परत फिरून त्यांनी मला उचललं आणि पिशवीत घातलं. रिकामी दौत कशाला, असं यास्मीननं विचारलं नाही.

पुंजाजींच्या अंगणात मांडव घातला होता. दुपारची जेवणं उरकली होती आणि मंडळी टाळ घेऊन सतरंजीवर बसली होती. रुखमाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. वाळलेल्या, लहानखुऱ्या, पण नजर करडी. चाचांनी त्यांच्यापुढे बसून फडकं सोडलं. पिशवीच्या तोंडातून मला सगळं दिसत होतं.

रुखमाबाईंना वाचता येत नव्हतं. पण वही त्यांनी वजनावरूनच ओळखली. नव्या कागदावरून त्यांनी बोट फिरवलं, एकेका गोलाच्या कडेनं.

"कुठी सापडली?" त्यांनी विचारलं.

चाचांचे ओठ हलले. आता इथेही ते म्हणू शकत होते की माळ्यावर सापडली, कचऱ्यात सापडली. रुखमाबाईंनी विश्वास ठेवला असता. त्यांच्या नवऱ्यानं ठेवलाच होता.

"सापडली नाई वयनी," चाचा म्हणाले. "माह्याच पाशी व्हती. माह्या हातानं तिच्यावर शाई सांडली. म्या लपवली, अन् पुंजाजीभाऊले खोटं सांगतलं."

रुखमाबाईंनी वहीवरचं बोट उचललं. मग वही त्यांनी चाचांकडे परत सरकवली.

"मले काऊन सांगता? मी कधी त्याले इसरभोळा म्हनलं नाई. त्याइले सांगा," त्या सतरंजीकडे हात करून म्हणाल्या. "जोरानं सांगा."

चाचा उठून उभे राहिले. पिशवीतून मला काढून त्यांनी तळहातावर धरलं.

"ह्या दौतीतून शाई सांडली," ते म्हणाले. "दौतीचा कसूर नाई. पुंजाजीचा बी नाई. वही त्यानं नेलीच नव्हती. माह्या पेटीत व्हती. एकोनीस वर्ष."

त्यावर किसनरावांनी हातातले टाळ खाली ठेवले. पुंजाजींची वीणा काढून घेणारे हेच ते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि ते मान खाली घालून बसले.

"दर पोळ्याले तो सारं घर उलथं करे," रुखमाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कोठीतले दाने काहाडून पाहे, का त्यात पडली असन. मरनाच्या आधी मले म्हने, रुखमे, मले सारं याद हाय वं, फक्त वही कुठी ठेवली तेच याद येत नाई."

चाचांनी हात जोडले. "वयनी, मले माफ करा."

"मी कोन माफ करनारी?" रुखमाबाई म्हणाल्या. "माफी ज्याले मांगाची व्हती, तो तं गेला."

मित्रांनो, एवढी वर्षं मी सुटकेची वाट पाहिली होती. त्या क्षणी मात्र पुन्हा पेटीत जाऊन बसावं असं मला वाटलं. चाचा तसेच हात जोडून उभे होते. त्यांना बसताही येत नव्हतं आणि जाताही येत नव्हतं.

मग रुखमाबाईंनीच वही उघडून त्यांच्यासमोर धरली. "बसा. अन् वाचा," त्या म्हणाल्या. "त्याचे स्वताचे जेवढे हायेत, तेवढे सारे वाचा. लोकाइले लेहून घेऊ द्या."

चाचा बसले आणि वाचू लागले. हात थरथरत होते म्हणून वहीची दुसरी बाजू यास्मीननं धरली. तुळशीरामांनी शाळेची एक कोरी वही काढली आणि ते लिहू लागले. पहिलं भजन चाचांनी नुसतं वाचलं. दुसऱ्याला किसनरावांनी चाल धरली. दिवस कलेपर्यंत वाचन चाललं होतं. रुखमाबाई एकदाही हसल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

आता मी दुकानात खिडकीजवळच्या माझ्या जुन्या फळीवर असते. पोट रिकामं, तोंड उघडं. उरलेले चार फेसाचे कागद यास्मीननं भिंतीला लावले आहेत आणि ते पाहून लोक तशा वह्या बांधून मागतात. पाऊस आला की ती पन्हळीखाली परात लावते, कागदांसाठी. चाचा दर महिन्याला त्या गावी जातात. रुखमाबाई त्यांना बसायला पाट देतात. माफ केलं असं अजून म्हणालेल्या नाहीत, आणि चाचाही पुन्हा विचारत नाहीत.

तुमच्याकडे दौती नसतील, पण हातून काही ना काही सांडतंच. वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण सांडलंच कधी, तर झाकण लावून पेटी शोधू नका. तिथल्या तिथे हाक मारा, ज्याचं आहे त्याला सांगा. शाई ओली असते तोवर टिपता येते.